वेचणीची पट्टी

राजूर ओलांडून भोकरदनच्या रस्त्याला लागलं, की या दिवसांत बाभळींना कापूस लागलेला दिसतो. बाभळीला कापूस येत नाही एवढं मला कळतं, जाफराबादकडच्या शेतकऱ्याची लेक आहे मी. गळ्यापर्यंत दाबून भरलेले टेम्पो बाभळींना घासत जातात आणि काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. परवा एसटीच्या खिडकीतून मी तेच पाहत बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन्या गावाला?" मी म्हणाले, "कामाला." हे काही उत्तर झालं नाही. बाईनं तोंड फिरवलं आणि बरोबरच केलं.

माझं काम अंदाजपत्रकं करण्याचं. इमारत जमिनीवर उभी राहायच्या आधी ती कागदावर उभी करायची. किती विटा, किती सळई, किती माणसं. लोकांना वाटतं अंदाजपत्रक म्हणजे भाव. अहो, भाव तर दुकानदारही फोनवर सांगतो. खरी मेख दिवसांत असते. मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा, राखणदार, पाण्याचा टँकर, सगळा खर्च दिवसांवर चालतो. म्हणून भाव लावण्याआधी एक कच्चं वेळापत्रक करावं लागतं. वर आडवे महिने, बाजूला कामांची नावं आणि मधे रंगीत पट्ट्या. पाया पिवळा, कॉलम निळे, स्लॅब लाल. कोणतं काम कधी सुरू, कधी बंद, कोणाच्या पाठीमागं कोण. हा तक्ता दिसायला इतका सुरेख असतो की हे असंच होणार, असं करणाऱ्यालाच वाटायला लागतं. तिथंच माणूस फसतो.

मी फसले त्याला आता दोन वर्षं झाली. पण कार्तिक आला, सकाळी दव पडायला लागलं, दुपारी ऊन कोवळं झालं, की ते दिवस परत येतात. बरं वाटतं आणि लाजही वाटते, दोन्ही एकदम.

काम होतं केदारखेड्याच्या पुढच्या एका वाडीतलं. नाव लिहीत नाही, वाडीला उगाच चर्चा नको. शाळेच्या दोन खोल्या आणि पुढं व्हरांडा, बस्स. वाडीची शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग मिळाला होता, पण बसायला जागा नव्हती. जूनपर्यंत खोली उभी राहिली तर आठवी वाडीत, नाहीतर केदारखेड्याला. केदारखेडा तसा दूर नाही, पण मधे ओढा. पोरं सायकलवर जात. पोरी जात नसत. सातवी झाली की पोरी वावरात. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, तसं होत आलेलं होतं.

हे सगळं मला आमच्या ठेकेदार शेठनी सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. मग जालन्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून झकास तक्ता केला. काळ्या मातीत पाऊस ओसरल्याशिवाय खोदाई नको, म्हणून पाया दसऱ्यानंतर. दिवाळीपर्यंत कॉलम. दिवाळी झाली की लगेच स्लॅब. विहिरीला पाणी आहे तोवर गिलावा, होळीच्या आत फरशी. दिवाळीच्या चार सुट्ट्या धरल्या, संक्रांतीची एक, धुळवडीची एक. अगदी गावच्या जत्रेचा दिवससुद्धा विचारून घेतला होता. शेठ खूश झाले. "मॅडम, एकदम बराबर!" त्या दिवसांवर त्यांनी भाव भरला आणि काम आम्हाला मिळालं.

भाऊबीज होऊन तिसरा दिवस. साइटवरून निरोप येत होता की बाया येईनात. मी म्हणत होते, दिवाळीचा आळस आहे, निघेल. त्याच सकाळी माझ्या मायचा जाफराबादहून फोन आला. "बोंडं लई फुटली गं. बाया मिळंनात वेचायला. येतीस का दोन दिस?" मी म्हणाले, "माय, कामात आहे मी. माझ्याच साइटवर बाया मिळंनात." आणि फोन ठेवला. एकाच फोनात एक गोष्ट कानावर पडली, दुसरी माझ्याच तोंडून निघाली, आणि तरी मी त्या जोडल्या नाहीत. डोक्यात काय भरलं होतं देव जाणे!

साइटवर गेले तर सगळं सामसूम. पाण्याच्या हौदावर चिमण्या. घमेली उपडी. कॉलमांच्या सळया आभाळाकडं बघत उभ्या. एकटे रंगनाथमामा विटांच्या थप्पीला टेकून तंबाखू मळत होते. हे आमचे मुख्य गवंडी, याच वाडीचे. त्यांच्या बापानं मेंढरं राखण्यात जन्म काढला, यांनी भिंती बांधण्यात. साठी ओलांडलेला माणूस, पण ओळंबा लावायच्या आधी भिंत किती झुकलीय ते डोळ्यांनी सांगायचे.

"मामा, कुठं गेली पब्लिक?"

"वेचायला."

"काय वेचायला?"

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला आजही आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात. "मोती," ते म्हणाले. "कार्तिकात काय वेचतेत, पोरी? तुही माय काय करून राह्यली आज?"

मी पायाशी उपडं पडलेलं घमेलं उगाच सरळ केलं.

लोकांना मी पुढं हा किस्सा हसत सांगते. 'शेतकऱ्याची पोर कापूस विसरली' म्हणून लोकही हसतात. खरं ते मी कोणाला सांगत नव्हते, आज लिहून टाकते. मी विसरले नव्हते. मी पुसलं होतं. दिवाळीची सुट्टी आमच्याकडं कापसाची सुट्टी असायची. शाळा उघडायची तरी आम्ही वावरात. वेचून वेचून नखांच्या कडा फाटायच्या, सुकलेल्या बोंडाची टोकं बोटात घुसायची, आणि पंधरा दिवसांनी वर्गात गेलं की फळ्यावर भलतंच काही चाललेलं. बाई विचारायच्या, "इतके दिवस कुठं होतीस?" मी म्हणायची, "आजारी होते." कापसाची मला लाज वाटायची. डिप्लोमा केला, जालन्याला खोली केली, नोकरी लागली, आणि तो महिना मी स्वतःच्या कॅलेंडरातून काढून टाकला. मग तो तक्त्यात कसा येणार?

मामांनी तंबाखू दाढेला लावली आणि म्हणाले, "बस, इथं रडून काही व्हणार न्हाई. चल, शांताबाईकडं."

मी रडत नव्हते. पण चालले.

शांताबाई म्हणजे वाडीतल्या कामकरी बायांची म्होरकी. वेचणी असो, खुरपणी असो की बांधकाम, तिनं हो म्हटलं तर सगळ्या येणार, नाही म्हटलं तर एकही नाही. वावरात पोचलो तेव्हा बाया बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. सगळ्यांच्या कमरेला कापसाच्या ओट्या फुगलेल्या. समोर अर्धं वावर वेचून हिरवट झालेलं आणि अर्धं पांढरंशुभ्र. त्या वासानं मी बांधावरच थांबले. उन्हात तापलेल्या कापसाला एक वास असतो, किंचित धुरकट, किंचित गोड. वीस वर्षं मी तो घेतला नव्हता.

मी मूर्ख. बसायच्या आधीच बोलले, "शांताबाई, तुमच्याच पोरींच्या शाळेचा स्लॅब आहे. तुम्हीच अडवला तर कसं?"

शांताबाईनं ठेच्याचं बोट चाटलं. घाई बिलकुल नाही. "म्याडम, शाळा हाय जूनमधी. बोंड फुटलंय आज. ते झाडावर थांबतं का? आभाळ आलं, एक अवकाळी झोडपून गेली, की सगळं मातीत. आमी दोघा-तिघांना वेचायची जबान देल्ती दसऱ्यालाच. तुमी कधी इचारलं आमाला?"

"मी तक्ता केला होता…"

"दाखवा. आमी कुठं हाव त्याच्यात?"

मी पर्समधून तक्ता काढला, बांधावर पसरला, दगड ठेवले. शोधून दाखवलं. 'महिला मजूर'. लाल पट्टीच्या खाली, बारीक अक्षरात. बाया वाकून वाकून पाहू लागल्या. एक म्हणाली, "गं बाई, मुंगीएवढ्या लिवल्यात आपल्याला!" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि जरा मोकळी झाले.

मग मी खाली मातीत बसले आणि पहिल्यांदा विचारलं. ही वेचणी किती दिवस? सहा. मग? मग दुसऱ्याचं वावर, पाच. तोवर इथली दुसरी वेचणी तयार. मग हरभऱ्याचं खुरपण, मग तूर, मग तिसरी वेचणी. शांताबाई सुकलेली बोंडं एकेक करून माझ्या तक्त्यावर मांडत गेली. संक्रांत आली तरी तिची बोंडं संपेनात. स्लॅब संक्रांतीपुढं गेला की पाणी मारायला विहीर पुरायची नाही, गिलावा उन्हाळ्यात टँकरवर, आणि जून हातचा गेला. मी हे सगळं मोठ्यानं बोलले. बाया ऐकत होत्या. शांताबाईच्या पाठीमागं एक पोरगी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती, तीही ऐकत होती.

"स्लॅबला किती दिस लागतेत?" शांताबाईनं विचारलं.

"एकच. पण तो अख्खा. मिक्सर सुरू झाला की मधे थांबवता येत नाही, जोड राहिला तर तिथून गळतं. सगळे हात एकदम हवेत. तुम्ही किती जणी?"

"साडेचौदा."

"साडे?"

तिनं मागं मान हलवली. "ही मनी. माझी. हिची अर्धी मजुरी, मंग अर्धीच मोजायची."

आणि मी काय केलं? तक्त्यावर १४.५ लिहिलं. अंदाजपत्रकवाल्याला दशांशाचं काही वाटत नाही. लिहून झाल्यावर पेन थांबलं. मायच्या मोजणीत मीही अशीच होते. घरची अडीच माणसं, माय म्हणायची. ती अन् बाप दोन, मी अर्धी. वर पाहिलं तर मनी माझ्याचकडं बघत होती. सातवीतली पोर. तिनं विचारलं, "म्याडम, जूनपर्यंत व्हईल का मंग?" मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, "माहीत नाही गं."

तेव्हा रंगनाथमामा बोलले. "सावड करा."

सावड म्हणजे आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. पैशाचं काही नाही, दिवसाला दिवस. आमच्याकडं पेरणीला, काढणीला बैलजोडीवाले करत आले. बांधकामाची सावड मात्र मी जन्मात ऐकली नव्हती. मामांचं म्हणणं असं, की सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा, आणि सळई बांधायला बाया लागत नाहीत. ते काम सहा दिवसांत उरकायचं. मग सातव्या दिवशी सगळ्या गड्यांनी बायांबरोबर वेचायला यायचं. तेवढा कापूस पुढं गेला की आठवा दिवस बायांचा मोकळा. त्या दिवशी स्लॅब.

शांताबाईनं मामांवरची नजर माझ्यावर आणली. "अन् म्याडम?"

"मीही येते," मी म्हणाले. शब्द कसे निघाले मला ठाऊक नाही.

शेठना फोन लावला. सावडीचं सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "मॅडम, आपण शाळा बांधून राह्यलो का कापसाची जिनिंग काढून राह्यलो?" मी म्हणाले, "शेठ, तक्ता माझा चुकला. दुरुस्तही मलाच करू द्या." शेठ म्हणाले, "मीठ-भाकर मी पाठवतो. पन जल्दी करा." मनानं बरे आहेत आमचे शेठ, तोंडानं नाहीत.

सातव्या दिवशीची ती सकाळ! सेंट्रिंगचे गडी जालन्याचे, एमआयडीसीच्या बाजूला राहणारे. लोखंड उचलणारे हात, पण कमरेला ओटी बांधताना नव्या नवरीसारखे लाजत होते. एकानं बोंडच तोडून घेतलं. बाया ओरडल्या, "अरे बाबा, झाड ठिव!" मामा एका ओळीत शिरले ते दुपारी त्याच ओळीतून बाहेर आले. आणि मी? पहिली दहा मिनिटं बोटं घाबरली. मग त्यांना आठवलं. तीन बोटांत धरायचं, पिळायचं नाही, एका ओढीत चारी पाकळ्या रिकाम्या. डोकं विसरलं असेल, बोटं विसरली नव्हती. शेजारच्या ओळीला मनी होती. ती म्हणाली, "तुमाला येतंय की!" आयुष्यात मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली, पण त्या दिवशी मला जितका गर्व झाला तितका कधी झाला नाही. चार वाजता नखांतून रक्त आलं तेव्हा मी मायला फोन केला. म्हणाले, "माय, मी वेचून राह्यले." माय म्हणाली, "कोणाचा?" मी म्हणाले, "लोकांचा." ती इतकी हसली, इतकी हसली, आणि मग म्हणाली, "आपला बी ठिवलाय तुझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी स्लॅब पडला. नारळ फुटला, मिक्सर घरघरला आणि साडेचौदा बायांची साखळी शिडीवर उभी राहिली. घमेलं खालून वर, रिकामं वरून खाली. चौदाच खरं तर. मनीला मी शाळेत पाठवलं, शांताबाई माझ्यावर डाफरली, पण मी ऐकलं नाही. दिवस मावळायला मामांनी शेवटची थापी मारली. खाली वरण-भात, बुंदी. सगळ्यांचे चेहरे सिमेंटनं राखाडी आणि दात पांढरे.

स्लॅबला रोज पाणी मारायचं कोणी, हा प्रश्न मी विचारायच्या आधीच सुटलेला होता. दव असेपर्यंत कापूस वेचत नाहीत, ओला कापूस पिवळा पडतो. म्हणजे सकाळचा तेवढा वेळ रिकामा. त्या वेळात बाया आपणहून हंडे घेऊन वर चढायच्या आणि दव उठलं की वावराची वाट धरायच्या. हा वेळ माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. दव उठेपर्यंतचा वेळ! मी तो तेव्हापासून प्रत्येक तक्त्यात धरते.

जूनमध्ये खोल्यांना रंग नव्हता, एका दाराला कडी नव्हती, पण आठवी तिथं बसली. पहिल्या दिवशी मी मापं घ्यायचं निमित्त करून गेले. अकरा पोरी होत्या. मनी खिडकीजवळ. मी टेप धरून उगाचच तीच भिंत तीनदा मोजली.

तेव्हापासून कोणताही तक्ता करताना मी पट्ट्या आखायच्या आधी गावात जाते. भाव नंतर. आधी विचारते, तुमच्याकडं सोयाबीन कधी निघतं, ऊसतोडीला किती घरं जातात, विहीर कधीपर्यंत साथ देते. नवे इंजिनियर हसतात. म्हणतात, मॅडम, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये कुठं भरायचं? मी म्हणते, सर्वांत वरच्या ओळीत. माझ्या सगळ्या तक्त्यांत वरची पट्टी पांढरी असते. आणि एक पट्टी मी माझ्या स्वतःच्या कॅलेंडरात ओढते, चार दिवसांची, जाफराबादची. शेठ आता विचारत नाहीत. माय त्या चार दिवसांसाठी माझी वाट पाहत बांधालगतची एक ओळ राखून ठेवते.

तर परवा त्या एसटीनं मी पुन्हा वाडीलाच निघाले होते. मनीची पहिली तुकडी यंदा नववीत आहे. पुढच्या जूनला दहावी हवी आणि दहावीला खोली हवी. तिसऱ्या खोलीचं अंदाजपत्रक माझ्याकडं आलंय. रंगनाथमामांना आता वर चढवत नाही, पण खाली खुर्ची टाकून बसतो म्हणाले, भिंत झुकली तर ओरडतो.

शांताबाई वावरातच सापडली. तेच वावर, तोच बांध. मी मातीत बसले, तक्ता पसरला, तिनं विचारायच्या आधी दगड ठेवले. कोरा तक्ता पाहून ती म्हणाली, "औंदा शिकल्या म्हणायच्या." मग बोंडं मांडायला लागली. "औंदा आठ दिस आधी फुटलंय. पहिली वेचणी आता सरती. हे पाच दिस सोडा. सावडीचा दिस इथं टाका, स्लॅबचा त्याच्या फुडं." मी टाकत गेले. "अन् हे बगा," तिनं मार्गशीर्षात एक बोंड ठेवलं, "ह्या दिसांत शाळंच्या चाचणी परीक्षा हायेत. मिक्सर बंद ठिवायचा. लई आवाज करतो."

मी ती पट्टी ओढली. मग सवयीनं विचारलं, "बाया किती धरू, शांताबाई? तेवढ्याच ना, साडेचौदा?" आणि पेनानं आकडा लिहायला लागलेही.

शांताबाईनं माझं मनगट धरलं. हाताला कापसाची रखरख होती.

"चौदा लिव्हा," ती म्हणाली. "मनी मोजायची न्हाई."